सीआरपी किती आला?

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत फोनवर पहिला प्रश्न हाच असायचा. ताप उतरला का, जेवण जातंय का, हे सगळं नंतर. आधी सीआरपी, मग डी-डायमर, मग फेरीटिन, आणि शेवटी छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा पंचवीसपैकी स्कोअर. ज्यांनी जन्मात हिमोग्लोबिन आणि साखर यांपलीकडे रक्तातलं काही मोजून घेतलं नव्हतं, ती माणसं आयएल-६ वर तावातावाने बोलत होती. लॅबची पीडीएफ डॉक्टरांनी उघडण्याआधी ती नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून आलेली असे. ठळक अक्षरांत छापलेला एक आकडा अख्ख्या घराची झोप उडवायला पुरेसा होता.

त्या आकड्यांच्या आधारे योग्य वेळी योग्य औषध मिळून काही माणसं वाचली, हे खरं. त्याच आकड्यांकडे बघून नको त्या माणसांना नको त्या दिवशी स्टेरॉइड सुरू झाली, हेही खरं. कोविडची ती घाई आता ओसरली आहे, पण फ्लू, आरएसव्ही आणि कोविडचे नवे अवतार काही कुठे गेलेले नाहीत. तेव्हा हे आकडे, म्हणजे मार्कर, नेमकं काय मोजतात आणि त्यांच्याकडून काय मागू नये, हे शांतपणे बघून घ्यायला आता सवड आहे.

मूळ कोडं असं. एकाच घरात एकच विषाणू शिरतो. मुलाला दोन दिवस सर्दी, आईला आठवडाभर ताप, आणि वडील अतिदक्षता विभागात. विषाणू तोच असेल तर फरक कशामुळे, आणि तो आधी कळावा कसा?

पहिली कल्पना कुणालाही सुचेल अशी : विषाणूच मोजा. आरटी-पीसीआरच्या अहवालात सीटी व्हॅल्यू नावाचा आकडा येत असे, त्यावर अनेकांनी भिस्त ठेवली. चाचणीच्या यंत्रात विषाणूच्या जनुकीय तुकड्यांच्या प्रती दर फेरीला दुप्पट होत जातात. कितव्या फेरीला त्या दिसण्याइतक्या झाल्या, तो हा आकडा. तो जितका लहान, तितका नमुन्यात विषाणू जास्त. पण हे गणित नाकातल्या काडीचं आहे. काडी किती आत गेली, नमुना लॅबपर्यंत किती थंड राहिला, आजाराचा कितवा दिवस होता, यांवर तो आकडा हलतो. सीटी व्हॅल्यूवरून आजाराची तीव्रता ठरवू नये, असं आयसीएमआरने स्पष्ट सांगितलं होतं. आणखी एक अडचण होती. कोविडचे रुग्ण बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्यात ढासळत, आणि तोपर्यंत नाकातला विषाणू ओसरू लागलेला असे. म्हणजे फुप्फुसाचं नुकसान करण्यात विषाणूच्या जोडीला शरीराचा स्वतःचा प्रतिसादही होता. म्हणून वैद्यकाने मोजमापाची दिशा बदलली : आलेल्या पाहुण्याऐवजी यजमानाकडे बघायचं. आज आपण ज्यांना मार्कर म्हणतो ते जवळपास सगळे यजमानाचे आहेत.

त्यांतला सर्वांत जुना सीआरपी. त्याचा जन्म न्यूमोनियाच्या रुग्णांतच झाला. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे न्यूमोकॉकस जिवाणूवर काम करत होते. जिवाणूच्या पेशीभित्तिकेतला एक शर्करायुक्त पदार्थ त्यांनी वेगळा काढला आणि त्याला ‘सी’ हे अक्षर दिलं. आजाराच्या ऐन भरातल्या रुग्णाच्या रक्तद्रवात हा पदार्थ टाकला की साका धरायचा; रुग्ण बरा झाला की धरेनासा व्हायचा. अँटीबॉडी असती तर तिने आजारानंतरही टिकायला हवं होतं. हे काहीतरी निराळंच होतं, आजाराबरोबर येणारं आणि आजाराबरोबर जाणारं. सी पदार्थाशी प्रतिक्रिया देणारं प्रथिन, म्हणून सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन.

हे प्रथिन यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही पेशी मरू लागल्या, जंतू शिरले, ऊतींना इजा झाली की तिथल्या भक्षक पेशी रक्तात निरोप सोडतात. त्यांतला प्रमुख निरोप म्हणजे इंटरल्यूकिन-६, म्हणजेच आयएल-६. तो यकृतापर्यंत पोचला की यकृत सीआरपीचा कारखाना चालू करतं. सहा-आठ तासांत पातळी चढू लागते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते. निरोगी माणसात लिटरमागे पाच-दहा मिलिग्रॅमच्या आत असणारा हा आकडा काहीशेपर्यंत जातो. पाच एकसारख्या तुकड्यांचं हे कडं मरणाऱ्या पेशींना आणि जिवाणूंना चिकटतं आणि पूरक प्रथिनांना बोलावून त्यांची विल्हेवाट लावायला मदत करतं.

सीआरपीचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो आणि त्याबद्दल क्वचितच बोललं जातं. रक्तातला सीआरपी निम्मा व्हायला सुमारे १९ तास लागतात, आणि हा वेळ माणूस निरोगी असो की अत्यवस्थ, जवळपास तोच राहतो. म्हणजे नाश होण्याचा वेग ठरलेला. मग पातळी वर-खाली होते ती एकाच कारणाने, यकृत किती बनवतंय यामुळे. ज्याचा खर्च ठरलेला आहे त्याच्या शिलकीवरून आवक काढता येते. आयएल-६ थेट मोजला तर अधिक मुळाशी जाता येईल असं वाटतं खरं, पण तो ग्रॅमच्या लाख-कोटीव्या भागात मोजावा लागतो, झपाट्याने चढतो-उतरतो, आणि चाचणी महाग. सीआरपी म्हणजे त्याच आयएल-६चा यकृताने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेला हिशेब.

पण या हिशेबाला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे तो उशिरा लिहिला जातो. ताप आल्याच्या पहिल्या दिवशी घेतलेला कमी सीआरपी धीर देण्याच्या लायकीचा नसतो. दुसरी म्हणजे त्यात कारण लिहिलेलं नसतं. न्यूमोनिया, अपेंडिक्स, संधिवात, शस्त्रक्रिया, सगळ्यांनी सीआरपी वाढतो. वजन जास्त असलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या माणसात तो मुळातच थोडा चढलेला असतो. विषाणूमुळे साधा ताप आला तरी तो चाळीस-पन्नासपर्यंत जाऊ शकतो आणि माणूस घरी पेजेवर बरा होऊ शकतो.

शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात. दंडातून काढलेल्या पाच मिलिलिटर रक्तावरून फुप्फुसाची परीक्षा करणं हे तेच आहे. फक्त भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजतो. फुप्फुस, यकृत, रक्तवाहिन्या आणि दंडातलं रक्त यांची आच वेगवेगळी असते. यापुढच्या प्रत्येक मार्करची मर्यादा मुळात हीच आहे.

डी-डायमर घ्या. रक्ताची गुठळी फायब्रिन नावाच्या धाग्यांच्या जाळ्याने बांधलेली असते. शरीर ती गुठळी विरघळवतं तेव्हा प्लाझ्मिन नावाचं विकर जाळं कापतं आणि धाग्यांच्या गाठींचे तुकडे रक्तात येतात; ते तुकडे म्हणजे डी-डायमर. तो वाढला याचा अर्थ कुठेतरी गुठळ्या होताहेत आणि मोडताहेत. कोविडमध्ये फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत हे मोठ्या प्रमाणावर घडत होतं. वुहानमधल्या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांचा अभ्यास मार्च २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. त्यांतले ५४ दगावले होते. वय आणि इतर अवयवांची अवस्था यांच्याबरोबरीने, दाखल होताना डी-डायमर मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून जास्त असणं हे मृत्यूच्या धोक्याशी ठळकपणे जोडलेलं आढळलं. जगभरच्या डॉक्टरांनी हा आकडा उचलला आणि वर्षभरात तो आपल्या तालुक्याच्या गावच्या लॅबपर्यंत पोचला.

पोचताना मात्र वाटेत एक घोळ झाला. काही लॅब डी-डायमर नॅनोग्रॅममध्ये देतात, काही मायक्रोग्रॅममध्ये. म्हणजे तोच निकाल एकीकडे ०.८ तर दुसरीकडे ८००. त्यावर आणखी एक पद्धत फायब्रिनोजेनच्या मापात सांगते आणि दुसरी थेट डी-डायमरच्या मापात; पहिलीचा आकडा दुसरीच्या साधारण दुप्पट. सोमवारी एका लॅबमध्ये ४०० आणि बुधवारी दुसऱ्या लॅबमध्ये ८०० आला म्हणून घाबरलेल्या माणसाच्या रक्तात मधल्या दोन दिवसांत कदाचित काहीही बदललेलं नसायचं. शिवाय वयाबरोबर डी-डायमर आपोआप वाढतो. म्हणून पायात किंवा फुप्फुसात गुठळी आहे का हे तपासताना पन्नाशीपुढच्या माणसासाठी ५०० नॅनोग्रॅमची सरसकट रेघ न धरता वयाला दहाने गुणून रेघ धरण्याची पद्धत आहे. सत्तरीच्या आजोबांना ७००. गरोदरपण, कर्करोग, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांतही तो चढतो. सीआरपीच्या बाबतीतही काही लॅब लिटरऐवजी डेसिलिटरचं माप छापतात आणि दहापटीचा फरक पडतो. अहवाल वाचताना आकड्याशेजारचं एकक आधी वाचावं, हे मला तरी त्या दोन वर्षांतलं सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित ज्ञान वाटतं.

फेरीटिनचं काम लोह साठवण्याचं. त्याच्या एका रेणूच्या पोकळीत सुमारे साडेचार हजार लोहअणू मावतात. दाह भडकला की भक्षक पेशी लोह आत ओढून ठेवतात आणि रक्तातलं फेरीटिन वाढतं. यकृताला इजा झाली तरी वाढतं. डेंग्यूतही वाढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू आणि फ्लू हातात हात घालून येतात. उलट बाजूही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. जिचं नेहमीचं फेरीटिन दहा-बारा असतं, ती आजारात दीडशेवर गेली तर ती वाढ दसपटीहून मोठी. पण अहवालात तो आकडा ‘नॉर्मल’ रकान्यात निवांत बसतो. एलडीएच हे जवळजवळ सर्व पेशींत असणारं विकर. पेशी फुटली की बाहेर पडतं. फुप्फुसाच्या नुकसानीशी त्याचं चांगलं नातं दिसलं, पण रक्त काढताना सुईतच तांबड्या पेशी फुटल्या तरी ते वाढतं, आणि घाईत काढलेल्या नमुन्यात असं हमखास होतं.

या सगळ्या महागड्या यादीत एक स्वस्त मार्कर लपलेला आहे. साध्या सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशींची वर्गवारी असते. त्यांतल्या न्यूट्रोफिलच्या संख्येला लिम्फोसाइटच्या संख्येने भागलं की मिळतो एनएलआर. गंभीर विषाणुसंसर्गात लिम्फोसाइट घटतात, न्यूट्रोफिल वाढतात, भागाकार मोठा होतो. त्यासाठी वेगळं रक्त नको, वेगळे पैसे नकोत. पथ्य एकच : स्टेरॉइड सुरू करण्याआधी बघावा. स्टेरॉइडनेही न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट कमी होतात, त्यामुळे नंतरचा आकडा आजाराचा की औषधाचा ते कळत नाही.

औषधाने मार्कर बिघडण्याचं सर्वांत नमुनेदार उदाहरण टोसिलिझुमॅबचं. आयएल-६चा शोध जपानच्या ओसाका विद्यापीठातला. तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये त्याचं जनुक वेगळं केलं आणि पुढे किशिमोतोंच्याच संशोधनातून आयएल-६ ज्या कुलपात बसतो ते कुलूपच अडवणारं हे औषध आलं. मूळ वापर संधिवातासारख्या आजारांत. हे औषध दिलं की यकृताला निरोपच मिळत नाही, सीआरपी धाडकन खाली येतो आणि नातेवाइकांना वाटतं रुग्ण सुधारला. प्रत्यक्षात जंतुसंसर्ग आत वाढत असला तरी सीआरपी गप्प राहील. आणि आयएल-६ मोजला तर तो उलट वाढलेला दिसेल, कारण त्याला वापरून संपवणारं कुलूपच बंद आहे. टोसिलिझुमॅबनंतर या दोन्ही आकड्यांवर विसंबून निर्णय घेण्यात काही अर्थ उरत नाही.

याच औषधाने मार्करचा खरा उपयोगही दाखवून दिला. कोविडवरच्या सुरुवातीच्या काही चाचण्यांत टोसिलिझुमॅबने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत मात्र दारावर दोन अटी ठेवल्या होत्या : ऑक्सिजनची पातळी ९२ टक्क्यांखाली किंवा रुग्ण ऑक्सिजनवर, आणि सीआरपी किमान ७५. अशा चार हजारांहून अधिक रुग्णांत औषध मिळालेल्यांपैकी ३१ टक्के, न मिळालेल्यांपैकी ३५ टक्के २८ दिवसांत दगावले. शंभरामागे चार जीव. सीआरपीने इथे भविष्य सांगितलं नाही. ज्याच्या शरीरात आयएल-६चा भडका आहे आणि म्हणून तो विझवून ज्याला फायदा होण्याची शक्यता आहे, असा माणूस निवडून दिला.

ग्रीसमधल्या इव्हान्जेलोस जियामारेलोस-बुर्बुलिस यांच्या गटाने हीच युक्ती आणखी नेमकी केली. पेशींच्या पृष्ठभागावरून सुटून रक्तात आलेला सुपार नावाचा एक रेणू त्यांनी दाराशी बसवला. तो मिलिलिटरमागे सहा नॅनोग्रॅम किंवा जास्त असेल तरच रुग्णाला चाचणीत घ्यायचं आणि अ‍ॅनाकिन्रा हे दाहविरोधी औषध द्यायचं. श्वास पूर्ण कोसळण्याआधीच, लवकर. २०२१ मध्ये निकाल आला : मृत्यूचं प्रमाण ६.९ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर. याच औषधाची फ्रान्समधली आधीची चाचणी, जिच्या दाराशी सुपार नव्हता, फायदा दिसत नाही म्हणून थांबवावी लागली होती. मार्करची किंमत कळायला मला याहून चांगली जोडी माहीत नाही. ज्या आकड्यामुळे औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे बदलतं, तो आकडा कामाचा. बाकीचे नुसते छापलेले असतात.

आता २०२१च्या त्या उन्हाळ्यात आपल्याकडे काय झालं ते बघू. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल रिकव्हरी चाचणीने १६ जून २०२० रोजी जाहीर केला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने, ऑक्सिजनवरच्यांत सुमारे एकपंचमांशाने घटले. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांच्यात? स्टेरॉइड मिळालेल्यांत १७.८ टक्के, न मिळालेल्यांत १४ टक्के मृत्यू. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का नव्हता, पण फायदा नाही एवढं उघड होतं. म्हणजे स्टेरॉइडसाठी दारावरचा मार्कर ऑक्सिजन होता, सीआरपी नव्हे. तरीही २०२१च्या लाटेत घरी बसलेल्या, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९७ दाखवणाऱ्या माणसाने पाचव्या दिवशी ‘कोविड प्रोफाइल’ केलं, सीआरपी ४५ आला, आणि कुणीतरी स्टेरॉइड लिहून दिलं किंवा जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून आणलं गेलं. पहिल्या आठवड्यात विषाणू जोरात वाढत असतो. तेव्हा प्रतिकारशक्तीला आवर घालणं म्हणजे त्याला मोकळं रान देणं.

मे २०२१च्या सुरुवातीला एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितलं की सौम्य आजारात या चाचण्या आणि सीटी स्कॅन करू नका, त्यातून घबराट आणि नको ते उपचार एवढंच पदरात पडतं. याच बोलण्यात त्यांनी एका सीटी स्कॅनची तुलना तीनशे-चारशे एक्स-रेंशी केली आणि सगळी चर्चा त्या आकड्यावर घसरली. क्ष-किरणतज्ज्ञ चिडले, वाहिन्यांना विषय मिळाला. मूळ सल्ला मागे पडला. तोवर म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, दारात उभा होता. महाराष्ट्रात हजारो लोकांना झाला, अनेकांचे डोळे आणि जबडे गेले. त्यामागे मधुमेह मुख्य, त्यात कोविड, आणि त्यात स्टेरॉइडने चढलेली साखर. प्रत्येक रुग्णात स्टेरॉइड चुकीचंच होतं असं मुळीच नाही. ऑक्सिजनवरच्या माणसाला ते हवंच होतं. पण ज्यांना ते नुसत्या आकड्यावर मिळालं, त्यांच्यापुरता हा धोका विकतचा होता.

त्याच काळात राज्याच्या आरोग्य विभागाने एक चाचणी लोकांपुढे ठेवली, जिला सुई लागत नव्हती. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघा, घरातल्या घरात सहा मिनिटं चाला, पुन्हा बघा. ९३च्या खाली गेला किंवा तीन अंकांपेक्षा जास्त घसरला तर रुग्णालय गाठा. फुप्फुसाला बसल्या जागी जमत असलेलं काम थोड्या श्रमांत जमेनासं होतं, हे ती चाचणी उघड करते. ऑक्सिमीटरलाही खोट आहे, सावळ्या त्वचेवर तो कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हे अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांत दिसून आलं. तरीसुद्धा, निर्णयाला उपयोगी पडण्याच्या बाबतीत ही सहा मिनिटं अनेक महाग अहवालांना भारी होती असं माझं मत आहे.

या मताला आधारही आहे. ब्रिटनमध्ये ३५ हजारांहून अधिक दाखल रुग्णांच्या नोंदींवरून ४सी नावाची गुणपद्धती तयार झाली आणि सप्टेंबर २०२०मध्ये ती प्रसिद्ध झाली. दाखल होताना मृत्यूचा धोका किती, हे ती सांगते. तिच्यात आठ गोष्टी आहेत : वय, लिंग, इतर आजार किती, श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, शुद्ध, रक्तातला युरिया आणि सीआरपी. आठांपैकी रक्त काढावं लागतं ते दोनांसाठी. श्वासाचा वेग मोजायला घड्याळ आणि एक मिनिट लागतं, आणि आपल्या रुग्णालयांत सर्वांत निष्काळजीपणे नोंदवलं जाणारं मोजमाप बहुधा तेच असेल. तक्त्यावर ओळीने ‘२०, २०, २०’ लिहिलेलं पाहिलं की शंका येतेच.

मग रेणूंचा अभ्यास वाया गेला का? अजिबात नाही. सर्वांत थक्क करणारा शोध तर दाहाच्या मार्करपलीकडचा आहे. विषाणू पेशीत शिरल्याबरोबर पेशी इंटरफेरॉन सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. हा रेणू १९५७ मध्ये लंडनजवळच्या मिल हिलमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी शोधला. २०२०मध्ये जाँ-लोराँ कासानोवा आणि पॉल बास्टार यांच्या गटाने जिवावर बेतलेल्या ९८७ कोविड रुग्णांचं रक्त तपासलं. त्यांतल्या किमान १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी निघाल्या. या १०१ पैकी ९५ पुरुष. सौम्य किंवा लक्षणांविना संसर्ग झालेल्या ६६३ जणांत अशी एकही व्यक्ती नव्हती, आणि निरोगी १,२२७ जणांत चारच. म्हणजे यांच्या घरातल्या धोक्याच्या घंटेची दोरी विषाणू येण्याआधीच कापलेली होती. कासानोवांची प्रयोगशाळा रॉकफेलरमध्येच आहे, जिथे नव्वद वर्षांपूर्वी सीआरपी सापडला होता. वयाबरोबर या अँटीबॉडींचं प्रमाण वाढतं, त्यामुळे म्हातारपणी विषाणू का झोंबतो याचं एक उत्तर इथे मिळतं. आणि हा मार्कर आजार होण्याआधीही बघता येतो, जे सीआरपीला कधीच जमणार नाही.

दुसरी वाट जनुकांच्या हालचालींची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोणती जनुकं चालू-बंद करताहेत हे त्यांच्या आरएनएवरून कळतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले पूर्वेश खत्री आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या विषाणूंच्या हजारो नमुन्यांची माहिती एकत्र केली. विषाणू बदलला तरी गंभीर आजाराची जनुकीय सही बरीचशी तीच राहते, असं त्यांना आढळलं. या विचारातून पुढे आलेल्या ट्रायव्हेरिटी नावाच्या चाचणीला जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. २९ जनुकांचे आरएनए मोजून ती सुमारे अर्ध्या तासात तीन गोष्टी सांगते : जिवाणूचा संसर्ग असण्याची शक्यता, विषाणूचा असण्याची शक्यता, आणि आजार अतिदक्षतेपर्यंत जाण्याचा धोका. इस्रायलमधली मेमेड कंपनीची चाचणी तीन प्रथिनांवर चालते; त्यांतलं ट्रेल नावाचं प्रथिन विषाणुसंसर्गात वाढतं आणि जिवाणुसंसर्गात घटतं, सीआरपी बहुधा उलट दिशेने जातो, म्हणून दोघांची साक्ष एकत्र घेतली की निवाडा सोपा होतो. प्रोकॅल्सिटोनिन हे आणखी एक प्रथिन जिवाणूंकडे बोट दाखवतं, पण त्यावर एकट्यावर अँटिबायोटिक थांबवायला बरेच डॉक्टर अजून कचरतात, आणि ते अनाठायी नाही.

आपल्या दृष्टीने या नव्या चाचण्यांपुढे किमतीचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न त्या कुणाच्या रक्तावर घासूनपुसून घेतल्या हा आहे. जुना क्षयरोग, डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, रक्तक्षय आणि मधुमेह यांची सरमिसळ असलेल्या ससूनच्या किंवा नागपूरच्या मेडिकलच्या वॉर्डात परदेशातली रेघ चालेलच असं धरून चालता येत नाही. ती रेघ इथल्या रुग्णांवर पुन्हा तपासावी लागेल. हे काम आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जमण्यासारखं आहे, आणि पुढची साथ येण्याआधीच करून ठेवण्यासारखं आहे.

तोवर घरात कुणाला श्वसनाचा संसर्ग झाला आणि रक्ताच्या चाचण्यांची लांबलचक यादी हातात पडली, तर डॉक्टरांना एवढंच विचारा : हा आकडा वाढलेला आला तर आपण काय वेगळं करणार, आणि कमी आला तर काय सोडून देणार? दोन्हींचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर ती चाचणी आज नको. दोन दिवसांनी पुन्हा मोजायची असेल तर त्याच लॅबमध्ये मोजा आणि एकक बघा. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आणि बसल्या जागी श्वास मिनिटाला २४च्या पुढे गेला, ऑक्सिजन ९४च्या खाली आला, बोलताना धाप लागू लागली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर कुठल्याही अहवालाची वाट न बघता त्याला रुग्णालयात न्या.